सरांचे साप

साप मेलेला होता, त्यामुळे तो उलटा करून पाहायची तशी काहीच गरज नव्हती. बादलीवरचं पोतं बाजूला केल्याबरोबर प्रसेनजितनं ओळखलं होतं. पाठीवर साखळीसारख्या तपकिरी खुणा, तिकोनी डोकं, जाड अंग. घोणस. फावड्याचा घाव मानेच्या जरा खाली बसला होता. पण माणसाला सवय वाईट. बादली घेऊन आलेला किसनसिंग समोर उभा होता, प्रयोगशाळेच्या खिडकीतून मार्चचं ऊन थेट टेबलावर पडत होतं, आणि प्रसेनजितनं ट्रेमधला चिमटा उचलून साप पाठीवर वळवला आणि शेपटीच्या मुळापासून पोटाचे आडवे खवले मोजत वर गेला. एक, दोन, तीन. तिसऱ्या खवल्याची डावी कड तिरपी कातरलेली होती. आणखी वर, सातव्याची उजवी. दोन्ही जागा कधीच्या भरून येऊन गुळगुळीत झालेल्या. कातरणारी कात्री त्याची होती. ही घोणस त्यानं दोन हिवाळ्यांपूर्वी वाशीमच्या एका सरकीच्या गोदामातून पकडली होती, तिला ही खूण केली होती, आणि धरणातल्या बेटावर नेऊन सोडली होती.

“कोन्ता हाये सर?” किसनसिंगनं विचारलं.

“घोणस.”

“जहरी?”

“हो. कुणाला चावली?”

“माह्या बहिनीले. गोमतीबाईले. काल सकाळी, धरनातल्या डांगरवाडीत. रातोरात अकोल्याले नेलं. हात हा येवढा सुजला. आन् लघवी बंद झाली म्हन्ते. डॉक्टर म्हनले, साप पक्का कोन्ता थे समजलं त बरं. मंग मी म्हनलं, सरांपाशी जातो.”

प्रसेनजितनं किसनसिंगच्या फोनवरून डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. घोणसच आहे, पूर्ण वाढलेली आहे, रक्त आणि मूत्रपिंड दोन्ही सांभाळावं लागेल. खोटं तो एक अक्षर बोलला नाही. जे बोलायचं होतं तेवढं मात्र तोंडातच राहिलं. किसनसिंगनं हात जोडले, “तुमी होते म्हनून सर,” असं म्हणाला, आणि रिकामी बादली घेऊन जिना उतरून गेला. तो गेल्यावर प्रसेनजितनं पहिलं काम काय केलं असेल, तर सापाला पुन्हा पोटावर वळवून ठेवलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरीही वळवला.

डांगरवाडी हा शब्द त्याला अनोळखी नव्हता. धरणाचं पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात काठावरचे लोक खरबूज-टरबुजाचे वेल लावतात, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. प्रसेनजितला ते माहीत होतं, फक्त त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं तो त्या बेटावर जात होता, पण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच. फेब्रुवारी लागला की बारावीची प्रात्यक्षिकं, मग बोर्डाची परीक्षा, मग पेपर तपासणी. मास्तराचा उन्हाळा हा असाच लाल शाईत जातो. त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुढचं बेट कायम हिवाळ्यातलं होतं. चहूकडून पाणी, मधे गवताळ टेकडी, आणि भोयाची नाव परत गेली की दिवसभर माणसाचा मागमूस नाही. पाणी आटतं, मे महिन्यात टेकडीच्या पायथ्याशी चिखलाची वाट उघडी पडते, हेही त्यानं ऐकलं होतं. पण मे महिन्यात तिथं कोण कशाला जाईल, असं म्हणून त्यानं तो विचार बाजूला सारला होता. यंदा पाऊस कमी झाला. वाट जानेवारी सरतानाच उघडी पडली असणार. आणि वेल टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले असणार. जीवशास्त्राच्या मास्तरला एवढं गणित सुटू नये?

सुटलं नाही, कारण त्याला ते सोडवायचं नव्हतं. हेही त्याला त्या दुपारी, हात साबणानं दोनदा धुताना, कळून चुकलं. बेट म्हणजे बेटच राहायला हवं होतं. ती टेकडी म्हणजे त्याच्या जुन्या गावाचा माथा. धरण भरलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. गावात वरची आळी टेकडीवर होती, देऊळ आणि देवळापुढचा दगडी पार तिथंच. आणि त्याच्या लोकांची वस्ती खाली, नाल्याच्या काठाला. पाणी आलं ते आधी खालूनच आलं. त्यांच्या घराची भिंत बुडाली त्या दिवशी वरच्या आळीत अजून चुली पेटत होत्या, कारण त्यांच्याकडे पाणी यायला महिना होता. मग सगळेच उठले, नव्या गावात सगळ्यांना सारख्या मापाचे प्लॉट मिळाले, आणि टेकडी तेवढी पाण्यावर राहिली. लहानपणी त्या पारावर तो कधी बसला नव्हता. कुणी हाकललं असतं असंही नाही, तो काळ बदलत आलेला होता. पण आजोबा तिथून जाताना चप्पल हातात घेत, तेवढं पाहिलेलं पुरे होतं. पहिल्यांदा नावेतून उतरून तो त्या पारावर बसला, तेव्हा पाराच्या फटीतून एक धामण निघाली, त्याच्याकडे पाहून थबकली, आणि सावकाश खाली उतरून गवतात गेली. त्या धामणीला त्याच्या जातीचं काही देणंघेणं नव्हतं. प्रसेनजित मोठ्यानं हसला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आपणच, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं त्याला फार आवडलं.

तिथं तो साप पाहायला शिकला. पकडायला तो आधीच शिकला होता. त्याला हिंमत लागते आणि थोडा दिखाऊपणा लागतो. पाहायला काहीच लागत नाही, म्हणून ते अवघड. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन पारावर यायचं. तो आधीच येऊन बसलेला असायचा, मांडी घालून, हात मांडीवर. पहिली दोन वर्षं त्याला वाटायचं, इथं फार तर चार-पाच साप असतील. तिसऱ्या वर्षी कळलं, की साप होते तिथंच होते, त्याचीच नजर पोचत नव्हती. पडक्या भिंतीच्या दगडाचा रंग आणि घोणशीचा रंग यांतला फरक डोळ्याला नाही, धीराला दिसतो. मग दिसू लागलं. पाण्याच्या कडेला दिवड मासा धरून बसायची आणि मासा गिळेपर्यंत कुणी आपल्याला पाहू नये अशी मान वळवून घ्यायची. थंडीच्या दिवसांत घोणशी नर एकमेकांना विळखे घालून उभे राहत, अर्धा-अर्धा तास, आणि मग एक दमून निघून जाई. चावाचावी नाही, रक्त नाही. माणसांची भांडणं अशी मिटली असती तर कोर्टं ओस पडली असती, असं तो सरिताला, बायकोला, घरी आल्यावर सांगायचा. ती म्हणायची, जेवून घ्या. एक म्हातारा नाग होता, त्याचा एक डोळा पांढरा पडलेला. तो वर्षानुवर्षं त्याच भिंतीतून निघायचा आणि प्रसेनजितच्या पायापासून दोन हातांवरून जायचा. अशा वेळी श्वास आपोआप बारीक होई. छातीत काहीतरी सैल पडे. शहरात ज्याला लोक सर, साहेब, मास्तर अशा नाना नावांनी ओढत राहतात, तो इथं कुणीच नसे. सापाच्या लेखी तो एक जरासा गरम दगड. ही शांतता त्याला दुसरीकडे कुठं मिळाली नाही. ना विहारात, ना वर्गात, ना घरात.

मग चौथ्या वर्षी त्यानं पहिली घोणस तिथं नेली. हे कसं घडलं ते सांगायला सोपं आहे. शहर वाढत होतं. प्लॉट पडत होते, आणि प्लॉटच्या मागोमाग फोन येत होते. सर, न्हाणीत साप. सर, सोयाबीनच्या गंजीत साप. पकडलेला साप सोडायचा कुठं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पकडणाऱ्याचे फोटो काढतात आणि दार लावून घेतात. बिनविषारी साप तो जवळच्याच ओढ्यात, बांधावर सोडून देई. विषारी सोडायला मात्र मन धजत नसे. जिथं सोडायला जावं तिथं माणूस. पाच किलोमीटर गेलं तरी कुणाचा गोठा, कुणाची पोरं. अशा वेळी चारी बाजूंनी पाणी असलेली, निर्मनुष्य, उंदरांनी भरलेली टेकडी डोळ्यांपुढे आली तर नवल नाही. साप पोहतो हे त्याला ठाऊक होतं. पण खायला-प्यायला मिळालं तर कशाला पोहेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. एक झाली, दुसरी झाली. वन खात्याच्या नोंदीत तो ‘जवळच्या अधिवासात मुक्त केला’ असं लिहून देई. नुसता पाहणारा होता तो हळूहळू पाळणारा झाला. खुणा करायची कल्पनाही तेव्हाचीच: आपले कोणते आणि मूळचे कोणते, हे कळायला नको? अकरा घोणशी आणि तीन नाग. चौदा. ‘आपले’ हा शब्द त्यानं वहीत लिहिला नव्हता, पण मनात तोच होता.

आता तेरा उरले होते.

शुक्रवारी त्यानं कॉलेजात तीन तास घेतले. शनिवारी पेपरांचा गठ्ठा काढून बसला आणि एका मुलीला एकाच प्रश्नाचे दोनदा गुण दिले. मग ते खोडले, सही केली, पुन्हा पाहिलं तर खोडलेलं दुसऱ्याच मुलीचं होतं. किसनसिंगला त्यानं फोन केला. गोमतीबाईचं रक्त मशीनवर साफ करून राह्यले, असं तो म्हणाला. दोन बोटं काळी पडली, पण जीव हाये. “आन् सर, दाजी आज वाडीवर गेले परत. फळ पिकून गेलं ना. व्यापाऱ्याची गाडी येनार हाये. बाया लावल्या तोडाले.” म्हणजे आजही बाया त्या वेलांत वाकलेल्या होत्या. उद्याही असतील. वेलाच्या पानाखाली गारवा असतो, उंदीर असतात, आणि जिथं उंदीर तिथं घोणस. हे तर तो पाचवीच्या मुलांनाही फळ्यावर बाण काढून शिकवायचा. गोमतीबाईच्या नवऱ्याला, सेवालालला, एक फोन करायचा होता, बस्स. सेवालाल, बायांना बाहेर काढा, तिथं आणखी तेरा आहेत. यात कठीण काय होतं? कठीण पुढचं होतं. आणखी तेरा आहेत हे तुम्हाला कसं ठाऊक सर? मग वन खातं, मग वर्तमानपत्र, मग संस्थेचे अध्यक्ष. आणि या सगळ्याच्याही आधी आग. हे त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. तेरा म्हटल्याबरोबर लोक टेकडीचं वाळलं गवत पेटवून देतील, आणि का देऊ नये? चार बाजूंनी पेटवलं की दिवडी, धामणी, तो एका डोळ्याचा नाग, ज्यांना कुणी आणलं नव्हतं, जे धरणाच्या आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या तिथं होते, ते सगळे भाजून निघतील. एकदा त्याला असंही वाटून गेलं की तेरांपैकी निम्मे कदाचित मेलेही असतील. नव्या जागेत आणलेला साप फार जगत नाही, असं त्यानं वाचलं होतं. आपण त्यांच्या मरणाची आशा करतो आहोत, हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. ते मूग घशात फुगत राहतात हे कुणी सांगत नाही.

संध्याकाळी आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. लिलाबाईला आता दूरचं कमी दिसे, पण पोराचं तोंड वाचायला तिला डोळे लागत नसत.

“काय झालं बापू? दोन दिवस झाले पाहून राह्यली. जेवन नाई, बोलनं नाई.”

त्यानं सांगून टाकलं. सरिताला सांगितलं नव्हतं, ते आईला सांगितलं. तेही असं, की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. आईनं मेथीच्या काड्या बाजूला केल्या.

“थो साप तूच नेला ना तिथी?”

“हो.”

“मंग सांगाले दुसरा कोन जाईन?”

“आई, सांगितलं की ते टेकडी पेटवतील. आपल्या गावाचं तेवढंच तर उरलंय.”

“आपल्या गावाचं?” ती म्हणाली. “आपलं गाव पान्याखाली हाये बापू. वर त्याइचं व्हतं.” मग ती पुन्हा मेथीकडे वळली. पानं खुडत राहिली. “तुले तिथी बसाले बरं वाटे, थे मले माईत हाये. मी कवा काई म्हनलं नाई. पन बाया वाकून काम करून राह्यल्या ना तिथी? म्या जिंदगीभर वाकूनच काम केलं. वाकलेल्या बाईले समोरचं दिसत नाई, फक्त हाताखालचं दिसते.”

रविवारी सकाळी तो मोटारसायकल घेऊन निघाला. मालेगाव मागं पडलं, शिरपूरच्या फाट्यावर यात्रेकरूंच्या दोन गाड्या उभ्या होत्या, चहाच्या टपरीवर वडे तळत होते. सगळं नेहमीसारखं होतं आणि त्याचा त्याला राग येत होता. वाटेत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. ‘एक गोष्ट सांगायची आहे’ हे फार औपचारिक. ‘चूक झाली’ हे फार लहान. ‘मला वाटलं होतं’ यानं तर सुरुवातच नको. असं बोलायला लागणारा माणूस पुढं आपलीच वकिली करतो. सांगायचं ठरवलं आहे की नाही, हे त्याला काठावर पोचेपर्यंत नक्की माहीत नव्हतं. नुसतं ‘जपून काम करा’ असं सांगून परत येता येईल, हा विचार शेवटच्या वळणापर्यंत मागच्या सीटवर बसून आला.

धरणाची भिंत ओलांडून तो खाली उतरला आणि थांबला. त्याचं बेट तिथं नव्हतं. पाणी कुठल्या कुठं, भिंतीच्या अंगाला एक हिरवट डबकं होऊन पडलं होतं. जिथं नाव चालायची तिथं भेगाळलेली जमीन, आणि तिच्यावर हिरव्यागार वेलांचे पट्टे थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत. टेकडी एवढीशी दिसत होती. हिवाळ्यात पाण्यावरून पाहताना जी गूढ आणि उंच वाटायची, ती आता कुणाच्याही शेतातल्या उंचवट्यासारखी होती. जुन्या वस्तीची जागाही उघडी पडली होती. चिखलात दगडांच्या चौकटी दिसत होत्या, त्यातली एक त्यांच्या घराची असणार. त्या चौकटीतही कुणीतरी वेल लावले होते. सात-आठ बाया ओळीनं वाकून खरबुजं तोडत होत्या. टेकडीच्या सावलीला फळांचा ढीग. आपल्या पायांखाली पाहत पाहत, एकेक पाऊल टाकत, तो चालू लागला. बाया मात्र भराभर हात चालवत होत्या. त्यांची ही बेफिकिरी त्याला कळेना. चार दिवसांपूर्वी याच वेलांत एकीला साप चावला होता.

सेवालालनं त्याला लांबूनच पाहिलं. तो पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे तांबारलेले. तो ढिगावरून उठला आणि लगबगीनं पुढं आला, डोक्याचा रुमाल काढत.

“सर, तुमी कायले आले येवढ्या लांब? मीच येनार व्हतो तुमच्याकडं.” आणि प्रसेनजित तोंड उघडायच्या आत त्यानं हात जोडले. “माफी करा सर. तुमचा साप मारा लागला.”

प्रसेनजितला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“माझा?”

“मंग? टेकडीवरचे सारे तुमचेच ना. आमी काय पाह्यत नाई व्हय? थैलीत घेऊन येता, सोडता. आमच्या तांड्यात लेकराइलेबी ठाव हाये, टेकडीवर सरांचे साप हायेत, दगड नाई माराचा. इतक्या वर्सात एकानं नाई मारला. पन हिनं बोंब मारली आन् माहं डोस्कं फिरलं. फावडं हातात व्हतं.” तो खाली पाहू लागला. “नाई माराले पाह्यजे व्हता.”

ऊन डोक्यावर येत होतं. प्रसेनजितला पिकलेल्या खरबुजांचा गोड, जड वास आला. बाया हात थांबवून ऐकत होत्या.

“गोमतीबाईला दिसला नव्हता का तो?” त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

“दिसला ना. चांगला दिसला. फळावर वेटोळं करून बसला व्हता, कुकरवानी शिट्टी मारे. तिनं मले सांगतलं, सरांचा दिसते, फळ सोडत नाई. मंग हातानंच बाजूले सारला.”

“हातानं?”

“त मंग काय. तुमी त्याइच्याजवळ घंटा घंटा बसून राह्यता, मांडी घालून. नावेतले भोई सांगतेत. कवा चावला नाई तुमाले. आन् नागपंचमीले आमच्या शाळेत येऊन तुमीच सांगतलं व्हतं ना, बाप्पा, सारे साप जहरी नसतात, कायले मारता. मंग आमी समजलो, जहरी त सर कायले आनून सोडतीन आपल्या गावात? तुमी आपलेच हाये. या मातीचे.”

आपलेच. तीस वर्षांत या शब्दासाठी प्रसेनजितनं काय काय केलं असतं. टेकडीवरच्या पारावर बसून तो जे शोधत होता ते हे, खाली, चिखलात, एका तांड्यावरच्या माणसाच्या तोंडून, असं आयतं हातात आलं होतं. आणि ते घ्यायला त्याला हात नव्हता.

सेवालाल एक पाऊल जवळ आला. आवाज खाली आणून, पोरानं मास्तरला विचारावं तसं त्यानं विचारलं, “म्हनून इचारतो सर. डॉक्टर म्हन्ते लय जहरी व्हता. किसन्या म्हन्ते, सरबी तेच म्हनले. मंग थो तुमचा नसनच ना? बाहेरून आला असन. नाल्यानाल्यानं येते एखांदा. तुमी सांगा, म्हंजे मनाले बरं वाटन. तिलेबी सांगतो, दवाखान्यात इचारत व्हती.”

हे इतकं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. समोरचा माणूसच दार उघडून धरून उभा होता. हो, बाहेरचा असेल, एवढं म्हणायचं. मग सगळं जिथल्या तिथं राहील: टेकडी, पार, धामण, तो पांढऱ्या डोळ्याचा नाग, वाशीमची नोकरी, आणि हा ‘आपले’ शब्दसुद्धा. जपून काम करा म्हणायचं आणि मोटारसायकलला किक मारायची. त्यानं सेवालालच्या मागं पाहिलं. एक बाई ऐकता ऐकता पुन्हा वाकली होती आणि पानांखाली हात घालून फळ चाचपत होती. तिला पानांखालचं दिसत नव्हतं. ती हातानं पाहत होती.

“नाही,” प्रसेनजित म्हणाला. “बाहेरचा नव्हता. माझाच होता. मी खूण केली होती त्याला, ती मी पाहिली. गुरुवारीच पाहिली.”

सेवालालनं हातातला रुमाल मुठीत गोळा केला.

“शहरात जे विषारी निघतात तेवढेच मी इथं आणत होतो. इथं माणूस नसतो असं समजून. बिनविषारी एकही नाही. अजून तेरा असतील. दहा तर असेच, घोणशी. तीन नाग.” तो थांबला. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. “बायांना बाहेर काढा. आत्ता.”

सेवालाल त्याच्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर प्रसेनजितला बरं वाटलं असतं. राग नव्हता. इतक्या वर्षांची एक समजूत त्या माणसाच्या आत हळूहळू, एकेका वेटोळ्यानं सुटत होती, आणि ती सुटेपर्यंत तो नुसता उभा होता. मग त्यानं मान वळवली आणि ओरडून सांगितलं, “बायाहो, उठा वं. निंघा बाहेर. सरांचे साप जहरी हायेत.”

बाया एकेक करून उभ्या राहिल्या. कुणी किंचाळलं नाही. हातातली फळं त्यांनी होती तिथंच, जपून, जमिनीवर ठेवली, लुगडी वर खोचली आणि पायांखाली बघत, आल्या त्या वाटेनं न जाता उघड्या भेगाळ जमिनीकडे चालू लागल्या. प्रसेनजितच्या शेजारून जाताना एकीनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त सर्वांत मागची, पिकल्या केसांची एक, त्याच्यापाशी थांबली. ललिताबाई तिचं नाव. जुन्या वस्तीत आणि पुढं नव्या गावातही आईच्या घरासमोर राहायची, लहानपणी तिनं त्याला कडेवर घेतलेलं होतं.

“बापू,” ती म्हणाली, “शिमग्याच्या आंधी दोन रोज, सकाळच्या पाह्यरी, एक इथी सरीत पडला व्हता. गारठून गेला व्हता. अंगावर साखळीवानी खुना. म्या म्हनलं, सरांचा हाये, कोनाच्या पायाखाली येईन बिचारा. उचलला आन् त्या दगडावर उनात नेऊन ठेवला. या हातानं.” तिनं उजवा तळहात उघडून त्याच्यापुढे धरला, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल तर त्यानं वाचून सांगावं. “थोबी?”

“तोही,” प्रसेनजित म्हणाला.

तिनं तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग लुगड्याला पुसला. पुन्हा पाहिला, पुन्हा पुसला. आणि तो अंगापासून लांब, वेगळा धरून, ती बाकीच्या बायांच्या मागोमाग काठाकडे चालू लागली.